रिकामं टोक

राहनाळच्या गोदामावरच्या ऑफिसात रुचिराने माहिती कुलूपबंद करणारी एन्क्रिप्शनची सॉफ्टवेअर लायब्ररी लिहिली आणि सहकारी अनिमेषच्या नाकावर टिच्चून केबिन पटकावली. तिच्या लायब्ररीला फाइल जोडा, नेटवर्क जोडा, सगळं चाले. चाचणीसाठी कशालाच न जोडलेलं एक रिकामं टोकही होतं. त्यात टाकलेलं नाहीसं होई. तिथून वाचायला गेलं तर काहीच येत नसे.

“रोज काय एवढं टाकतोस रे त्यात?” रुचिरा हसून विचारी.

“कचरा, मॅडम.”

टाकायचा तो एवढंच: ‘रुचिराला केबिन मिळाली. माझ्यात काय कमी आहे?’

आज तिची एखादी चूक सापडावी म्हणून त्याने रिकामं टोक वाचून पाहिलं. मजकूर आला.

‘अनिमेषला खुर्ची मिळाली. माझ्यात काय कमी आहे?’

अनिमेष ताडकन उठला. खुर्चीची गादी दबलेलीच राहिली, कुणी अजून बसून असल्यासारखी.