विहिरीला वळसा

अण्णा पुन्हा कड्यावरून पडले.

"गेली बिचारी," म्हणत त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. टीव्हीवरची कंदीलवाली कोळ्याची पोर समुद्रात दिसेनाशी झाली आणि परत धुक्यात, पायवाटेच्या सुरुवातीला येऊन उभी राहिली.

"फार लागलं नाही ना?" अक्षयाने सासऱ्यांना विचारलं.

"मला नाही. तिचं तिला ठाऊक."

गेम अक्षयाच्या नवऱ्याच्या, सुश्रुतच्या कंपनीचा, अजून बाजारात न आलेला. नातीसाठी पुण्याहून इंग्लंडात मेडनहेडला आलेल्या कमलाकररावांच्या, म्हणजे अण्णांच्या हाती तो पडला, त्याला कारण एक पैज. त्या पोरीचा कंदील मिणमिणता. वाटेतल्या विहिरीच्या कठड्यावर तो ठेवून जरा वेळ काहीही न करता उभं राहिलं की ज्योत मोठी होते, आणि मग पुढच्या कड्यावरचा पूल दिसतो. पण हे गेममध्ये कुठेही सांगितलेलं नाही.

सुश्रुतचं म्हणणं, सांगायलाच हवं. लोक हौसेने गेम घेतात आणि कड्यावरून पडून पडून कंटाळून कपाटात टाकतात. त्याचा साहेब ग्रॅहम म्हणे, शोधण्यातच तर मजा आहे. शेवटी ग्रॅहमनेच तोड काढली. आयुष्यात कधी गेम न खेळलेला माणूस बसव. त्याला विहिरीचं गुपित आपलं आपण सापडलं, तर विषय संपला, सांगायचं नाही.

"पहिल्यांदा मी त्याला सगळ्यांसमोर नाही म्हटलंय," अण्णांना खेळायला बसवायचं ठरलं त्या सकाळी सुश्रुत स्वयंपाकघरात म्हणाला होता. "हरलो ना अक्षू, तर यापुढे मीटिंगला फक्त बिस्किटं खायला जायचं. अण्णांना सांगायचं नाही हं. अगदी काही नाही."

उघड्या खिडकीबाहेर अण्णा दातात चिमटा धरून तनूची झबली वाळत घालत होते.

हा हरलाच, असं अक्षयाला तेव्हाच वाटलं होतं. या भाड्याच्या घरातल्या बॉयलरचा टायमर त्या दोघांना कधी कळला नव्हता. अण्णांनी आल्या आल्या सगळी बटणं दाबून तो लावला. मायक्रोवेव्हचं घड्याळही त्यांच्यामुळेच बरोबर वेळ दाखवायला लागलं. अशा माणसाला एका विहिरीचं गुपित सापडणार नाही?

पण सापडेना. अण्णा प्रत्येक दगड ढकलून बघत, झाडांवर काठी आपटत, सीगलशीही गप्पा मारत. विहीर आली की मात्र लांबून वळसा घालून निघून जात. आणि पडत.

"आज किती वेळा बुडवलीत पोर?" संध्याकाळी बूट काढता काढता सुश्रुत विचारी.

"मोजायचं सोडलं. तुझ्या कंपनीने तिला पोहायला शिकवायला हवं होतं."

सुश्रुत हसे. अक्षयालाही सुरुवातीला हायसं वाटलं होतं. पण त्यांचं ते रोजचं पडणं तिला बघवेना. तनूला हॉस्पिटलमधून घरी आणताना अक्षयाच्या हातात फक्त एक पत्रक दिलं होतं. बाकीचं सगळं आपलं आपण शोधा. तिने ते रडत रडत शोधलं होतं. न सांगण्यात कसली आलीय मजा?

तरी अण्णा आल्यापासून दिवस सुसह्य झाले होते. दात येत असल्यामुळे तनू दुपारभर किरकिर करी. अण्णा अक्षयाला वर झोपायला पिटाळत आणि नातीला घेऊन खाली बसत. ती उठून खाली येई तेव्हा दिवाणखान्याचे पडदे ओढलेले असत आणि तनू त्यांच्या मांडीवर खुशीत.

"काय जादू करता हो?"

"जादू कसली? उजेड दाखवतो जरा."

एकदा तिला राहवलंच नाही. पोर विहिरीजवळ आली होती. सुश्रुत हरला तर हरू दे, त्याची समजूत घालता येईल.

"अण्णा, दमली असेल हो ती. विहिरीपाशी टेकू द्या की जरा."

अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "छे छे. विहिरीपाशी कसलं टेकायचं? आत पडलीबिडली म्हणजे?" आणि आणखी मोठा वळसा घातला.

शनिवारी ग्रॅहम स्वतः आला. चिवड्याची वाटी घेऊन सोफ्याच्या टोकावर बसला. अण्णा पडले. पुन्हा पडले. ग्रॅहमचा चिवडा वाटीतच राहिला. पोर परत विहिरीजवळ आली, वळायला लागली, आणि तो ताडकन उठला.

"थांबा ना तिथे! कंदील खाली ठेवा आणि थांबा!" त्याच्या तोंडून इंग्रजीत निसटलं.

मग सुश्रुत हळूच म्हणाला, "सांगावंच लागलं ना?"

ग्रॅहमने कपाळाला हात लावला आणि हसायला लागला. "ठीक आहे, सू. घाल एक पाटी. तू म्हणशील तिथे."

"सॉरी हं," अण्णा ग्रॅहमला म्हणाले, "ओल्ड मॅन, स्लो ब्रेन."

आपल्या साहेबाला स्टेशनवर सोडायला निघालेला सुश्रुत गाडीपर्यंत शीळ घालत गेला. कितीतरी दिवसांनी अक्षयाने ती ऐकली. वर तनू जागी होऊन रडायला लागली.

"मी आणतो तिला. तू कप आवर," अण्णा म्हणाले.

कप विसळून, हात पुसत ती दिवाणखान्याच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पडदे ओढलेले होते. तनू अण्णांच्या मांडीवर हुंदके देत होती. टीव्हीवर कोळ्याची पोर तडक विहिरीपाशी गेली आणि कंदील कठड्यावर ठेवून उभी राहिली.

आता सांगितलंच आहे ग्रॅहमने, करून बघत असतील, अक्षयाला वाटलं.

ज्योत अजून मिणमिणतीच होती. पण तनूचं रडणं थांबलं होतं. कंदिलाकडे टक लावून तिने दोन्ही हात टाळीसाठी वर धरले होते.

"येतोय, येतोय, उजेड रोजच्यासारखाच येतोय," अण्णा तिच्या कानाशी म्हणाले. "बाबाला सांगायचं नाही हं. अगदी काही नाही."