सीलबंद

"याचं सील कुणी फोडलं?" बेलसरे साहेबांनी मदरबोर्डचा खोका काउंटरवर आपटला.

वजनमापे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. तागडीखाली चिकटवलेली चिंच ते लांबूनच ओळखत. मंगळवारपासून लेकीचं घरून काम सुरू व्हायचं होतं, म्हणून ती स्वतःच कॉम्प्युटर जोडणार होती. "प्रोसेसर आणि मदरबोर्ड तांबोळींकडूनच आणा," असं तिने बजावलं, तिथेच साहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

"मीच फोडलं," दुकानदार तांबोळी म्हणाले. "प्रोसेसर यंदाचा, बोर्ड गेल्या वर्षीचा. आधी बोर्डाचं सॉफ्टवेअर नवं करावं लागतं, नाहीतर तो प्रोसेसरला ओळखतच नाही."

"असल्या थापा जन्मभर ऐकल्यात. मला सीलबंद द्या."

तांबोळींनी पुन्हा एकदा समजावलं, मग सीलबंद खोका पुढे केला. साहेबांनी खिशातलं भिंग काढून सीलच्या चारही कडा तपासल्या.

रविवारी लेकीने सगळं जोडलं. पंखे गरगरले; पडदा काळा तो काळाच. "बाबा, त्यांनी सॉफ्टवेअर नवं करून नाही दिलं?" तिने विचारलं. साहेब पेपरात डोकं खुपसून बसले.

सोमवारी दुकानाचं शटर वर जायच्या आत साहेब पायरीवर हजर. तांबोळींनी फळीवरून तोच फोडलेला खोका काढून पुढे ठेवला. त्यावर शनिवारची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं: 'बेलसरे साहेबांचा. विकू नये. सोमवारी येतील.'