शाल्मलीची उडी

शाल्मली उंच उडीसाठी धावत निघाली आणि स्टँडमध्ये बसलेल्या तिच्या वडिलांनी, दिगंबर लाटकरांनी, डोळे गच्च मिटले. "मारुतीराया, दांडी पडू दे. नारळांचं तोरण बांधीन."

सगळ्या मुलांसारखा शाल्मलीचाही शेअर जन्मतःच बाजारात आला होता आणि तो बापाकडे होता. ज्याच्याकडे शेअर, त्यानं मुलीनं कुठं राहायचं ते ठरवायचं. पण दोन वर्षं भाव जागचा हलेना. शेजारचे पटवर्धन म्हणाले, "नुसता धरून काय बसलाय? ठरावीक भावाला तो विकत उचलायचा हक्क दर महिन्याला कुणाला तरी विका. भाव त्याच्या वर गेला नाही, तर शेअरही तुमचाच आणि हक्काचे पैसेही."

तिचे स्पाइक्स त्याच पैशांतून आले होते. पोरगी काही एवढी वर जात नाही, असं धरूनच दिगंबरराव दर महिन्याला सही करत होते.

टाळ्या कडाडल्या. दांडी जागेवरच होती. भाव उसळला आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. या महिन्याचा हक्क घेतलेल्या बेंगळुरूच्या कुठल्याशा क्रीडा कंपनीनं ठरल्या भावात शेअर उचलला होता. सोमवारपासून शाल्मली त्यांच्या होस्टेलवर.

तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती धापा टाकत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

"बाबा, पुटपुटताना बघितलं मी तुम्हाला! नवस बोललात ना?"

दिगंबररावांनी कशीबशी मान हलवली.

"मग चला, आत्ताच फेडून येऊ. मारुतीनं ऐकलं ना तुमचं!"