गोऱ्या बाळाची तीट

"खरं सांगितल्याशिवाय सुटका नाही," पाद्रीसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "यातलं माझं कुठलं?"

टेबलावर तीन कागद होते. तिन्हींवर तीच मेरी, मांडीवर तेच बाळ, तपकिरी शाईच्या त्याच रेघा. एक चित्र इटलीतलं, चारशे वर्षांपूर्वीचं. बाकीच्या दोन म्हणजे भाट्ये गावच्या गंगाराम ड्रॉइंगमास्तरने काढलेल्या नकला. पाद्रीसाहेबांनी हौसेने आपल्या जुन्या लॅटिन पुस्तकांची कोरी पानं नकलांसाठी त्याला दिली होती. त्यामुळे कागदावरूनही काही कळेना.

मुंबईचा जाणकार साहेब चित्र इटलीतल्या गुरूच्या हातचं की त्याच्या शिष्याच्या, हे ठरवायला आला होता. दोन दिवस भिंग घेऊन बसला, पण यातलं मास्तरचं कुठलं, याच्या पुढेच गाडी सरकेना. मास्तरने अस्सल विकलं तर नाही, असा संशय त्याने बोलून दाखवला.

तेव्हापासून गंगाराम बंगल्याच्या मागच्या याच खोलीत कोंडलेला. खिडकीला गज, दाराशी शिपाई. उद्या पोलीस येणार होते. नोकरी जाईल, तुरुंग होईल, बायको राही उघड्यावर पडेल, या धास्तीने तो पेजेलाही हात लावत नव्हता.

"साहेब, रागावू नका," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या देवाचं बाळ, म्हणून बोलायला जीभ रेटत नव्हती. एवढं गोरंपान पोर, दृष्ट लागंल असं वाटलं. म्हणून दोन्ही नकलांत तळपायाला तीट लावली. मोहरीएवढी."

जाणकाराने भिंग उचललं. पहिल्या कागदावर तीट होती. दुसऱ्यावरही होती. तिसऱ्या बाळाचा पाय स्वच्छ होता.

"हेच ते!" तो ओरडला. "आणि बघा, ही रेघ गुरूचीच. शिष्याच्या बापाला जमणार नाही."

गंगारामने कोंडल्यापासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. पाद्रीसाहेबांनी त्याचे हात धरून माफी मागितली आणि त्याला ओटीवर आणलं. तिथे राही पेजेचं भांडं घेऊन रडत बसली होती.

"राहीबाई, डोळे पुसा," पाद्रीसाहेब आपल्या मराठीवर खूश होत म्हणाले. "काखेत कळसा नि गावाला वळसा! तुमच्या मास्तरांची तीट कामाला आली. ज्या बाळाला ती नव्हती, तेच आमचं निघालं."

राहीने पदराने डोळे पुसले. मग काळजीने नवऱ्याकडे पाहिलं.

"अवो, मंग आपल्या माळ्यावर ठेवलाव त्या चित्रातल्या बाळाला पण तीट नाय. घरी गेल्यावर लावू काय?"