चार वाजेपर्यंतची यादी

"माझी ल्युबा इटलीत आहे," एवदोकिया म्हणाली आणि तिने पुढचा अक्रोड फोडायला घेतला.

गावकचेरीची चिटणीस झिना हिने वहीत काहीच लिहिलं नाही. सकाळपासूनचं हे सातवं घर आणि सातवी इटली. युद्ध पेटलं होतं इस्रायलमध्ये, जिथे या गावच्या मुली म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायला गेल्या होत्या आणि बहुतेकजणी मुदत संपलेल्या व्हिसावर राहत होत्या. राजधानीतून, किशिनाऊहून, फोन आला होता की सरकार विमान पाठवतंय, तुमच्या गावचं तिकडे कोण अडकलंय त्यांची नावं आणि पासपोर्टचे नंबर चार वाजेपर्यंत कळवा. आणि गाव म्हणत होतं, आमचं तिकडे कुणीच नाही.

"मावशी," झिनाने फळीवरच्या, हिब्रू अक्षरं छापलेल्या कॉफीच्या डब्याकडे पाहिलं, "इटलीत हल्ली उजवीकडून डावीकडे लिहायला लागले वाटतं."

"बाजारात मिळाला तो."

"त्याच बाजारात मीही जाते."

एवदोकियाने अक्रोडावर जरा जोरातच हातोडी हाणली. "मागच्या खेपेलाही अशीच वही घेऊन आली होतीस. गोड बोललीस. मुलगी बाहेर असते का, काही पाठवते का. मी खुळी, सांगून बसले. थंडी पडायच्या आत सरपणाचा भत्ता बंद."

हे खरं होतं. तो रकाना झिनानेच भरला होता, आपल्या सुवाच्य अक्षरात.

"ते वेगळं होतं. ही मदत आहे."

"तेव्हाही मदतच म्हणाली होतीस."

झिनाचे पाय दुखत होते. तिने न विचारता स्टूल ओढलं. "काल बोललीस तिच्याशी?"

हातोडी हवेतच थांबली. "जिन्याखाली बसली होती. म्हातारीला मांडीवर टेकवून. इमारत हलत होती म्हणाली, आणि..." मग हातोडी खाली आली. "इटलीतही जिने असतात."

"असतात ना," झिना उठली. "मी कचेरीत आहे. चारला यादी बंद होईल. मागचं दार उघडं ठेवते."

मागच्या दाराचं तिने बाकीच्या सहा घरीही सांगितलं होतं. प्रत्येकीला वेगळं, प्रत्येकीला हळूच. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं तिला कळलं होतं की या गावात खरं सांगायला लोक पुढच्या दाराने येत नाहीत.

चूक एवढीच झाली की पुढच्या अर्ध्या तासात सगळ्याजणी आल्या. तीच आडवाट, तोच हिशेब, की आत्ता तिथे कुणी नसेल. खोलीबाहेरच्या बाकावर सातजणी ओळीने बसल्या, डोक्याचे रुमाल कपाळापर्यंत ओढून.

"मी आपली पाणीपट्टीचं विचारायला आले," एक म्हणाली.

"मीही."

"मी कुत्र्याच्या लशीचं."

"तुझा कुत्रा तर ईस्टरलाच मेला की गं."

"म्हणूनच तर. आता लागते का, ते विचारायचंय."

चारला दहा कमी होते. आत फोन वाजला. झिनाने दार सताड उघडं ठेवूनच तो उचलला, आणि पलीकडच्या माणसाचा प्रश्न बाकाकडे बघत मोठ्याने परत म्हणून दाखवला. "यादी बंद करायला घेतलीय. आपल्या गावाची ओळ कोरी ठेवायची का, विचारतायत."

सातजणी समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीवर काहीच नव्हतं.

मग एवदोकिया उठली. "ल्युबा बुर्लाकू. इस्रायल. व्हिसा चार वर्षांपूर्वीच संपलाय. लिही." ती बाकाकडे वळली. "बघताय काय? तुम्हाला माहीत नव्हतं होय?"

तिने पोलक्यातून पासपोर्टची घडी घातलेली नक्कल काढली. देवाच्या तसबिरीमागे राहून राहून कागद दिव्याच्या धुराने पिवळा पडला होता. झिनाने एकेक आकडा फोनवर सावकाश वाचला. बाकावरच्या बायकांचे हातही आता ॲप्रनच्या खिशांत शिरले होते.

"शेवटचा प्रश्न," पलीकडचा माणूस म्हणाला. सकाळपासून त्याने तो शेकडो वेळा विचारला असावा. "परत यायची तयारी आहे का? हो की नाही? 'हो' असेल तरच आम्ही तिकडे त्यांना फोन करतो."

"मावशी, ती परत यायला तयार आहे का?"

एवदोकियाने रुमालाची गाठ घट्ट केली.

"तेरा वर्षं झाली जाऊन तिला," ती म्हणाली. "जेवलीस का विचारते मी. पाठ दुखते का विचारते. पाठवलेलं पोचलं म्हणून सांगते. हे नाही गं कधी विचारलं."

"आता वेळ नाही विचारायला. काय सांगू?"

"सांग, आई बोलावतेय."

"तसा रकाना नाही, मावशी."

फोनवरचा माणूस खोकला. एवदोकिया टेबलाची कड धरून उभी होती.

"हो," झिना फोनमध्ये म्हणाली, स्वतःच्याच जबाबदारीवर. "थांबा, ठेवू नका. अजून आहेत." आणि तिने दाराकडे पाहिलं. "पुढची कोण?"

पुढची बाई उठली. आत आली, कागद टेबलावर ठेवला, बोटाने सरळ केला, आणि झिनाने शेवटचा प्रश्न विचारायच्या आधीच 'मीही नाही गं कधी विचारलं' म्हणत तिने मान खाली घातली.