समोरच्यांची बोली

“पास,” अण्णा म्हणाले, आणि समोर त्यांची भिडू म्हणून बसलेल्या सुमेधानं, त्यांच्या लेकीनं, कपाळाला हात लावला.

मृणालिनीबाईंनी ‘एक बदाम’ म्हणून ब्रिजची बोली उघडली होती. त्यांचा भिडू म्हणजे त्यांचाच मुलगा, हेमचंद्र. अण्णांच्या हातात एक्का-राणी-गुलामासकट इस्पिकांची रांग लागली होती, तरी ते गप्प राहिले. मायलेक बघता बघता चार बदामांवर गेली आणि डाव करून मोकळी झाली.

“एक इस्पिक म्हणायला काय जात होतं, अण्णा?”

“समोरच्यांची बोली चाललेली असताना उगाच मध्ये तोंड घालू नये गं. त्यांच्याकडे काय आहे ते आधी कळू द्यावं.”

“कळेपर्यंत बोलायला चारवर चढावं लागतं,” मृणालिनीबाई पत्ते पिसत हळूच म्हणाल्या. “एकवर असतानाच बोलून टाकायचं होतं.”

फणसवाडीतल्या त्या खोलीत दिवाळीपासून दर रविवारी दुपारी हा खेळ रंगायचा. मांडला सुमेधानंच. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कचेरीत तिची हेमचंद्रशी ओळख झाली. पत्रकं वाटत दोघं पार परळपर्यंत जायची. मग एक दिवस ती त्याला आणि त्याच्या आईला घेऊनच आली. म्हणे, ब्रिजला चौघं लागतात. अण्णा काय समजायचं ते समजले.

मुलगा गुणी. आई दादरच्या शाळेत शिकवणारी, ऐन तारुण्यात कुंकू पुसलेलं, तरी बोलणं सायीसारखं मऊ. शब्द टाकायचा तो मुलीच्या बापानं, अशी रीत. पण अण्णांची जीभ रेटत नव्हती. नकार आला तर पोर आतल्या आत कोमेजेल. आणि होकार आला तर? पहाटे शेगडी पेटवताना सुमेधा गुणगुणायची, त्या सुरानं या घराला जाग यायची. बायको गेल्यावर घरात तेवढाच सूर उरला होता.

खालून घोषणा देत एक मोर्चा गेला.

“न मागता मुंबई कोण देणार आहे?” हेमचंद्र खिडकीकडे बघत म्हणाला. “मागावंच लागतं, अण्णा.”

पोरानं टोमणा मारला, असं वाटून अण्णांनी पत्ते पालथे ठेवले. घसा खाकरला.

“मृणालिनीबाई, बरेच दिवस बोलीन म्हणतोय. आमची सुमेधा तुमच्या हेमचंद्राला पसंत असेल, तर पदरात घ्या तिला.”

मृणालिनीबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हेमचंद्र ओठ दाबून हसू आवरत होता.

सुमेधा उठून अण्णांच्या मागे आली. त्यांच्या खांद्यावर तिनं हात ठेवला.

“हेमूला मी भाऊ म्हणून घरी आणलाय, अण्णा,” ती म्हणाली. “मागायचंय ते त्याच्या आईला. तुमच्यासाठी.”