लेकीच्या रायफलचं माप

नेपरव्हिलहून दोन तास ड्राइव्ह करून सदानंद शूटिंग रेंजवर पोचला खरा, पण काडतूस घातल्यावर रायफलचा बोल्ट काही केल्या बंद होईना. चडफडत त्याने घरी भरलेलं काडतूस बाहेर काढलं आणि कपाळावर हात मारला. पितळी नळीत गोळी केसभर कमी खोल बसली होती, म्हणून काडतूस लांब झालं होतं. लेकीच्या रायफलला तशीच लागायची. भरताना गराजमधल्या काडतुसं भरायच्या प्रेसवरचं माप बदलायचं राहून गेलं होतं. त्याने तिला मॅडिसनला फोन लावला. “अगं सावनी, चुकून तुझ्या मापाची काडतुसं भरलीत. येतेस का एखाद्या रविवारी शूटिंगला?” “बाबा, रायफल मी समरमध्येच विकली. आय थॉट आय टोल्ड यू.” “हो हो, म्हणाली होतीस,” तो घाईने म्हणाला. घरी येऊन त्याने प्रेसचा दांडा ओढत एकेक गोळी केसभर आत दाबली. गराज बंद करताना मात्र माप नेहमीसारखं पुन्हा तिच्या आकड्यावर फिरवून ठेवलं.